मोबाईलवरचे मार्केटिंग कोर्स : फी भरावी की भांडवल जपावे?

कामावरून घरी येऊन घटकाभर मोबाईल हातात घ्यावा, तर दोन गाण्यांच्या मध्ये एक जाहिरात हटकून उभी राहते. कोट घातलेला तरुण विचारतो, "धंदा आहे, पण गिऱ्हाईक नाही ना? फक्त ९९ रुपये भरा, दोन तासांचा क्लास करा आणि घरबसल्या महिना लाख रुपये कमवा!" खाली लाल अक्षरांत उलटे घड्याळ पळत असते. जागा थोड्याच उरल्या आहेत, रात्री बारानंतर फी दुप्पट होणार आहे, असेही बजावले जाते.

'घरबसल्या कमवा' हे शब्द आपल्या लोकांना नवे नाहीत. पूर्वी वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींत आणि लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या कागदांवर हेच लिहिलेले असायचे. आता कागदाची जागा मोबाईलने घेतली आहे आणि विकायला आला आहे सोशल मीडिया मार्केटिंगचा कोर्स. म्हणजे फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, यूट्यूब यांच्यावर आपल्या मालाची प्रसिद्धी कशी करावी याचे शिक्षण. यातले सारेच खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. काही कोर्स चांगले आहेत, काही निव्वळ फसवणूक आहेत आणि बरेचसे या दोहोंच्या मधले आहेत.

ब्लाउज शिवणाऱ्या, चटणी-पापड करणाऱ्या, पार्लर चालवणाऱ्या भगिनी आणि मूर्ती-फ्रेम विकणारे, मंडप-डेकोरेशन करणारे तरुण आम्हाला भेटतात, तेव्हा एक प्रश्न हमखास विचारतात : "हा कोर्स करावा का? फी वसूल होईल का?" त्या प्रश्नाचा या लेखात आम्ही जरा खोलात जाऊन विचार करणार आहोत.

प्रश्न लहान नाही. अशा कोर्सची फी काही हजारांपासून तीस-चाळीस हजारांपर्यंत सांगितली जाते. कष्टकरी घरात तेवढ्या पैशात शिलाईचे मशीन येते, सणासुदीचा माल भरता येतो, मुलाची वर्षाची फी भागते. पुष्कळदा ही रक्कम बचत गटाच्या कर्जातून किंवा हप्त्यावर उचललेली असते. शिवाय शिक्षणाच्या नावाने मागितलेल्या पैशाला आपल्या घरात सहसा कोणी नाही म्हणत नाही. आई-वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवले म्हणून घर उभे राहिले, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. शिक्षणावरचा हा विश्वास आपले मोठे धन आहे. पण कोर्स विकणारालाही ते पक्के ठाऊक असते. "ताई, हा खर्च समजू नका, शिक्षणातली गुंतवणूक समजा," असे तो म्हणतो तेव्हा आपला हात आपोआप पाकिटाकडे जातो. म्हणूनच पाकीट उघडण्यापूर्वी हिशोब मांडला पाहिजे.

कोर्समध्ये शिकवतात काय?

बहुतेक कोर्समध्ये विषय तेच असतात. फेसबुकवर धंद्याचे पान उघडणे, इन्स्टाग्रामवर खाते काढणे, मालाचे फोटो आणि छोटे व्हिडिओ, म्हणजे रील, तयार करणे, व्हॉट्सॲप बिझनेसवर मालाची यादी लावणे, गुगलच्या नकाशावर दुकानाची नोंद करणे आणि पैसे देऊन जाहिरात चालवणे.

यातली साधने स्वतः फुकट आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. व्हॉट्सॲप बिझनेस हे लहान धंद्यांसाठीचे ॲप जानेवारी २०१८ मध्ये आपल्याकडे आले. त्यात मालाची फोटोसहित यादी लावण्याची सोय नोव्हेंबर २०१९ मध्ये झाली. गिऱ्हाईक प्रथम बोलू लागले की आपोआप जाणारे स्वागताचे उत्तर, आपण कामात असताना जाणारा निरोप, 'पैसे आले', 'माल द्यायचा आहे' अशी गिऱ्हाईकांवर लावायची खूण, हे सारे त्यात आहे. गुगलच्या नकाशावर दुकानाची नोंद करायलाही पैसे पडत नाहीत. इन्स्टाग्रामची रील आपल्या देशात जुलै २०२० मध्ये सुरू झाली, तिलाही फी नाही.

शिकण्याचीही फुकट सोय आहे. फेसबुक व इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीचे 'ब्लूप्रिंट' नावाचे धडे आहेत, गुगलचे 'स्किलशॉप' आहे. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या 'स्वयम्' या व्यासपीठावर अभ्यासक्रम फुकट पाहता येतात. प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसायचे असेल तरच फी भरावी लागते. यूट्यूबवर तर मराठीतही व्हिडिओ भरपूर सापडतात.

मग फी कशाची? आमच्या मते तीन गोष्टींची. पहिली, विस्कळीत माहिती ओळीने लावून मिळते. दुसरी, आपल्या भाषेत समजावून मिळते. कारण कंपन्यांचे फुकट धडे बरेचसे इंग्रजी वळणाचे असतात. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, अडले तर विचारायला माणूस मिळतो. ही तिसरी गोष्ट ज्या कोर्समध्ये खरोखर आहे, त्याला काही किंमत देणे रास्त आहे. पण नुसते भरून ठेवलेले चाळीस व्हिडिओ कोणी पंधरा हजारांना देत असेल, तर आपण फुकट मिळणाऱ्या पाण्याची बाटली महागात घेत आहोत असे समजावे.

तीन घरांचे अनुभव

आमच्या परिचयातील तीन अनुभव येथे देतो. नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

अंबरनाथकडे राहणाऱ्या एका भगिनीचे ब्लाउज शिवण्याचे काम आहे. तिने बारा हजार भरून व्हिडिओंचा कोर्स घेतला. दिवसभर मशीन, संध्याकाळी स्वयंपाक, रात्री मुलांचा अभ्यास. सहा व्हिडिओ झाले आणि कोर्स राहिला तो राहिलाच. उदाहरणेही मोठमोठ्या कपडा कंपन्यांची होती. "त्यांचा महिन्याचा जाहिरातीचा खर्च आमच्या वर्षाच्या कमाईहून जास्त. मी त्यातून काय घ्यायचे?" असे ती विचारते. पुढे तिच्या भाचीने तिला एकच सवय लावली. तयार झालेला प्रत्येक ब्लाउज खिडकीच्या उजेडात धरून त्याचा फोटो काढायचा आणि शिलाईचा दर लिहून रोज व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर ठेवायचा. आसपासच्या चाळींतून कामे येऊ लागली. भाचीने फी मागितली नाही, एक ड्रेस मात्र शिवून घेतला!

दुसरा अनुभव नागपूरच्या एका फ्रेम आणि मूर्ती विक्रेत्याचा. त्याने चार रविवारचा साडेतीन हजारांचा क्लास केला. क्लासमध्ये पंधराच माणसे. शिकवणारा प्रत्येकाचे खाते उघडून पाहायचा आणि चुका दाखवायचा. आपले गिऱ्हाईक १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबरच्या आधी खरेदी करते, तर प्रसिद्धीही महिनाभर अगोदर सुरू झाली पाहिजे, आणि ती साऱ्या देशात न करता माल पोहोचवता येईल तेवढ्याच जिल्ह्यांत केली पाहिजे, हे त्याला तेथे उमगले. त्याची फी पहिल्याच हंगामात वसूल झाली. पण ध्यानात घ्यावे, त्याचा धंदा आठ वर्षांचा होता, माल तयार होता आणि मागणी ठाऊक होती.

तिसरा अनुभव पुण्याच्या एका बेकार तरुणाचा. त्याला धंदाच नव्हता. कोर्स घेतल्यावर कळले, की कमाई मालातून होत नाही. तोच कोर्स दुसऱ्याच्या गळ्यात मारला की दलाली मिळते. त्याने दोन चुलत भाऊ आणि एक मित्र यांना त्यात ओढले. पैसे गेलेच, वर लग्नकार्यात तोंड चुकवण्याची पाळी आली. ही गोष्ट मार्केटिंगच्या शिक्षणाची नव्हेच, जुन्या साखळी योजनेला चढवलेला तो नवा अंगरखा आहे.

अभ्यासकांना काय आढळले?

दोन-चार अनुभवांवरून निकाल देऊ नये. लहान धंदेवाल्यांना शिक्षण दिल्यावर काय होते, याचा जगात बराच अभ्यास झालेला आहे.

अमेरिकेतील हार्वर्ड आणि एमआयटी या विद्यापीठांनी मिळून चालवलेल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची पाहणी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आली. २०१७-१८ या वर्षात नाव नोंदवणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम तिघांनी अभ्यासक्रम पूर्ण केला होता. पैसे भरून प्रमाणपत्रासाठी नोंदणी करणाऱ्यांत हे प्रमाण शंभरात ४६ होते. म्हणजे पैसे भरल्याने माणूस अधिक चिकाटीने शिकतो हे खरे. पण पैसे भरूनही निम्म्याहून अधिक लोक मध्येच सोडतात हेही तितकेच खरे.

मेक्सिको आणि ग्वातेमाला या देशांत धंदा करणाऱ्या महिलांना झूमवरून प्रशिक्षण देऊन पाहिले गेले. पहिले दोन महिने त्यांच्या धंद्यात सुधारणा दिसली. सहा महिन्यांत ती ओसरली. मोबाईलवर शिकलेले अंगवळणी पडायला मागून कोणी तरी आठवण करून देणारा लागतो, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

काय शिकवले जाते, यानेही फरक पडतो. आफ्रिकेतील टोगो देशात दीड हजार लहान धंदेवाल्यांवर केलेला प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना हिशोब, मार्केटिंग वगैरे नेहमीचे व्यापारी धडे दिले. काहींना स्वतः पुढाकार घेणे, नवीन काही करून पाहणे, अडचण आली तर वाट काढणे याचे शिक्षण दिले. दुसऱ्या गटाचा नफा सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. पहिल्या गटातील वाढ ११ टक्के, तीही खात्रीने सांगण्याजोगी नव्हती. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये तर असे दिसले, की पुस्तकी हिशोबापेक्षा 'धंद्याचा पैसा एका खणात, घरचा दुसऱ्या खणात' असले साधे नियम लहान दुकानदारांच्या अधिक उपयोगी पडले.

आपल्या देशातील एक अभ्यास भगिनींनी विशेष लक्षात ठेवावा. अहमदाबादच्या सेवा बँकेच्या ग्राहक महिलांना दोन दिवसांचे धंद्याचे प्रशिक्षण दिले होते. काही जणी एकट्या आल्या, काहींना मैत्रिणीला सोबत आणायला सांगितले होते. मैत्रिणीसोबत शिकलेल्या महिलांनी धंद्यासाठी अधिक कर्ज घेऊन कामाला लावले आणि त्यांच्या घरचे उत्पन्नही अधिक दिसले. धडे तेच, शिक्षक तेच. केवळ सोबतीने एवढा फरक पडला! रात्री अकरा वाजता एकटीने पांघरुणात मोबाईल धरून शिकणे आणि शेजारणीसोबत बसून शिकणे यांत किती अंतर आहे, ते यावरून कळते.

फीचे गणित

आता घरगुती हिशोब करू. समजा, कोर्सची फी पंधरा हजार सांगितली. खासगी कोर्सवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे हातून जाणार १७,७०० रुपये. शेंगदाण्याच्या चटणीच्या एका पाकिटामागे माल, गॅस, पिशवी, रिक्षा वजा जाता २० रुपये सुटत असतील, तर फी वसूल व्हायला ८८५ पाकिटे विकावी लागतील. तीही नेहमीच्या विक्रीच्या वर! रोज तीन पाकिटे जास्त खपली तरी जवळजवळ दहा महिने नुसती फी फेडण्यात जातील.

एवढ्यावर संपत नाही. कोर्समध्ये जाहिरात चालवायला शिकवतात, पण जाहिरातीचे पैसे वेगळे पडतात आणि त्यावरही १८ टक्के जीएसटी आहे. रील करायला वेळ लागतो. त्या वेळात मशीन बंद असते. आणि गिऱ्हाईक आलेच, तर रोज आणखी तीन पाकिटे करायला हात आहेत का? पोहोचवायला कोणी आहे का? ज्या धंद्याची अडचण माल अपुरा पडणे ही आहे, त्याला प्रसिद्धीचा कोर्स काय कामाचा?

म्हणून आमचे स्पष्ट मत असे आहे : ज्याचा माल खपतो हे सिद्ध झाले आहे, अधिक माल करण्याची ताकद आहे आणि आठवड्यातून चार-पाच तास काढता येतात, त्याला चांगल्या शिक्षकाचा माफक फीचा कोर्स उपयोगी पडू शकतो. ज्याचा धंदाच अजून उभा राहिला नाही, त्याने ते पैसे भांडवलात घालावेत. कोर्स केल्याने धंदा जन्माला येत नाही.

सावध कोठे राहावे?

९९ रुपयांचा क्लास हा पुष्कळदा गळाला लावलेला चारा असतो. दोन तासांत शिकवणे कमी आणि पुढचा महागडा कोर्स घ्या म्हणून गळ घालणे जास्त. पडद्यावर लाखोंच्या कमाईचे फोटो दाखवतात. असे फोटो बनवता येतात आणि खरे असले, तरी ती कमाई माल विकून झाली की कोर्स विकून, हे फोटोवरून कळत नाही.

'पाच मिनिटे उरली' अशी खोटी घाई दाखवणे हे ग्राहकाला फसवण्याच्या तेरा प्रकारांपैकी एक आहे, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. घाई करणाऱ्याला "उद्या घरी विचारून सांगते," असे उत्तर द्यावे. खरा शिक्षक उद्याही शिकवायला तयार असतो.

'बिनव्याजी हप्ता' म्हणून जो कागद मोबाईलवर मान्य करायला लावतात, तो अनेकदा एखाद्या वित्त कंपनीचे कर्ज असते. कोर्सवाल्याला पैसे एकरकमी मिळून जातात आणि कोर्स आवडला नाही, तरी आपला हप्ता सुटत नाही. मोबाईलवरून घेतलेल्या कर्जातून दंड न भरता बाहेर पडण्यासाठी किमान एक दिवसाची मुदत दिली पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेचे २०२५ चे निर्देश आहेत. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचे व्याज परत करून मोकळे होता येते. तसेच एक-दोन रुपयांत 'चाचणीसाठी' नाव घालताना दरमहा पैसे कापून घेण्याची परवानगी, म्हणजे ऑटोपे, दिली जाते. यूपीआय ॲपमधील ऑटोपेची यादी उघडून ती रद्द करता येते.

कोर्स घेऊन तोच कोर्स दुसऱ्यांना विकायचा आणि खालच्या लोकांच्या भरण्यातून कमवायचे, असे सांगितले की तेथून उठावे. पैसे फिरवण्याच्या असल्या योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे आणि डिसेंबर २०२१ च्या थेट विक्री नियमांनीही पिरॅमिड योजना चालवायला मनाई केली आहे. हा रोग आपल्याकडेच आहे असे नाही. 'माय ऑनलाइन बिझनेस एज्युकेशन' नावाच्या कंपनीने २१ पायऱ्यांची कमाईची युक्ती सांगून लोकांकडून साडेबारा कोटी डॉलरहून अधिक रक्कम घेतल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्ये केला आणि कोर्टात जाऊन ती बंद पाडली.

फी भरण्यापूर्वी हे विचारा

१. शिकवणाऱ्याने स्वतः कोणता माल विकला आहे? त्याचे दुकान वा पान पाहता येईल का?

२. वर्गात किती जण असतील? माझे खाते उघडून कोणी पाहील का, की नुसते व्हिडिओ मिळतील?

३. माझ्यासारखाच धंदा असलेल्या दोन जुन्या विद्यार्थ्यांशी बोलू द्याल का?

४. जाहिरातीसाठी वेगळा किती खर्च करावा लागेल?

५. फी परत मिळण्याची अट कागदावर आहे का? पावती जीएसटी क्रमांकासह मिळेल का?

६. फी एकदम मागता, की पहिला भाग शिकून झाल्यावर उरलेली घेता?

या सहा प्रश्नांची सरळ उत्तरे देणारा शिक्षक भेटला, तर त्याचा विचार अवश्य करावा. प्रश्न ऐकून जो चिडतो किंवा "तुमचे विचारच छोटे आहेत" असे म्हणतो, त्याला नमस्कार करावा!

आधी एक महिना फुकट करून पाहा

कोणताही कोर्स घेण्यापूर्वी आमच्या भगिनींनी आणि तरुणांनी महिनाभर पुढील गोष्टी कराव्यात. धंद्याचा नंबर शक्यतो वेगळा ठेवून व्हॉट्सॲप बिझनेस सुरू करावे. दहा वस्तूंचे फोटो दिवसाच्या उजेडात, स्वच्छ कापडावर ठेवून काढावेत. प्रत्येकाखाली किंमत लिहावी. "किमतीसाठी मेसेज करा" असे लिहिल्याने निम्मे गिऱ्हाईक संकोचून परतते. पत्ता, वेळ आणि माल घरपोच देता की नाही, हे स्पष्ट लिहावे. गुगलच्या नकाशावर नोंद करावी आणि समाधानी गिऱ्हाइकाला दोन ओळींचा अभिप्राय लिहायला सांगावे. खाण्याचा पदार्थ असेल तर अन्न सुरक्षा नोंदणी करून तिचा क्रमांक पाकिटावर छापावा. शंभर रीलपेक्षा त्याने विश्वास अधिक बसतो.

एक दोनशे पानी वही घालावी. येणाऱ्या प्रत्येकाला "आमच्याबद्दल कोठून कळले?" असे विचारून लिहून ठेवावे. शेजारणीकडून, स्टेटसवरून, नकाशावरून की पाटी पाहून? महिन्याने ही वहीच सांगेल, की आपला पैसा आणि वेळ कोठे घालावा. मग पाचशे रुपयांची एक जाहिरात, आपल्या ठिकाणापासून चार-पाच किलोमीटरच्या परिसरापुरती लावून पाहावी. पाचशेतून किती गिऱ्हाईक आले, ते वहीत दिसेलच. गेले तर पाचशे गेले, पंधरा हजार तर वाचले.

आणि हे एकट्याने करू नये. बचत गटाच्या बैठकीत अर्धा तास मोबाईल शिकण्यासाठी ठेवता येईल. कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींना फोटो आणि रील सहज जमतात. गटाने त्यांना थोडे मानधन देऊन काम सोपवावे. त्यांनाही अनुभव मिळेल. कोर्स घ्यायचाच ठरले, तर गटातून दोघींनी मिळून घ्यावा आणि बाकीच्यांना शिकवावे. अहमदाबादच्या महिलांचा धडा हाच आहे.

सरकारी सोयीही पाहाव्यात. पुण्याची डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था, म्हणजे बार्टी, आणि १९८८ पासून काम करणारे महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र यांचे प्रशिक्षण वर्ग निघतात, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. ग्रामीण भागात बँकांनी चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत राहण्या-जेवणासह फुकट शिकवतात. महिलांच्या गटांसाठी १९७५ पासूनचे महिला आर्थिक विकास महामंडळ आहे. शिंपी, चर्मकार, सुतार, गवंडी अशा अठरा व्यवसायांसाठी १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत तर शिकणाऱ्यालाच दिवसाला ५०० रुपये भत्ता मिळतो आणि अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत मिळते. शिकवणारा आपल्याला पैसे देतो, अशी सोय असताना आधी आपले पाकीट का उघडावे?

फसगत झालीच तर

लाजून गप्प बसू नये. मोबाईलवरून पैसे लुबाडले गेले असतील तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण. दिलेल्या वचनाप्रमाणे शिकवले नाही, फी परत देत नाहीत, अशी तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि २०१९ च्या कायद्यानुसार कोर्सवाला दिल्लीचा असला तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. त्यासाठी पावती, जाहिरातीचे फोटो आणि झालेले संभाषण पुसून न टाकता जपून ठेवावे.

शेवटी एवढेच सांगावेसे वाटते. मोबाईलवर धंदा वाढवणे ही विद्या खरी आहे आणि आपल्या लोकांनी ती जरूर शिकली पाहिजे. पिढ्यान् पिढ्या बाजारपेठेत दुकानाचा गाळा ज्यांना मिळाला नाही, त्यांना आज घरातून चार जिल्ह्यांत माल विकता येतो, ही संधी लहान नाही. पण विद्येची किंमत आणि विकणाऱ्याने लावलेली किंमत एकच नसते. या रविवारी वही आणि पेन घेऊन दोघी-तिघी एकत्र बसा, मालाचे फोटो काढा, किमती लिहा आणि पहिला महिना सुरू करा. महिन्याच्या शेवटी वहीत जे दिसेल, ते आम्हाला पत्राने जरूर कळवा. तुमचे अनुभव याच पानावर इतर भगिनींच्या उपयोगी पडतील.